पुढचा फॅन ‘डायरेक्ट’ करण्याआधी

शिरोलीकडून हायवेनं कोल्हापुरात येताना एसी गारेगार. तावडे हॉटेलला आत वळलं, कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडी दोन मिनिटं थांबली की जाळीतून कोमट हवा. सिग्नल सुटला, गाडीनं चाळीसचा वेग धरला की पुन्हा गार. जुन्या डिझेल गाडीत हे लक्षण दिसलं तर गॅस भरायला धावू नका. आधी बोनेट उघडा आणि कंडेन्सरच्या, म्हणजे रेडिएटरच्या पुढे बसून एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, पुढचा फॅन फिरतोय का ते बघा.

फिरत नसेल तर गॅरेजमध्ये हमखास कानावर पडणारं वाक्य म्हणजे ‘डायरेक्ट करून टाकू’. डॅशबोर्डवर एक बटण, तिथून फॅनला वायर, झालं काम. माझा या उपायाला ठाम विरोध आहे. फॅन हा साखळीतला शेवटचा गडी. त्याच्यापर्यंत करंट पोचावा लागतो आणि ‘आता फिर’ हा हुकूमही पोचावा लागतो, आणि या दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. कुठली वाट तुटली ते साधा टेस्ट लॅम्प, मल्टीमीटर आणि हातभर वायर एवढ्यावर कळतं. ते न शोधता बटण लावलं की मूळ दोष तसाच राहतो, वर नवा दोष जन्माला येतो.

आधी कुठल्या फॅनबद्दल बोलतोय ते स्पष्ट करू. सुमो, बोलेरो, क्वालिस अशा गाड्यांत इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं असतं. मुख्य फॅन इंजिनाच्या ताकदीवरच फिरतो, बहुतेकदा व्हिस्कस कपलिंगमधून (तापमानाप्रमाणे पकड कमी-जास्त करणारा जोड), आणि रेडिएटरमधून हवा मागे ओढतो. एसीच्या गाडीत याखेरीज कंडेन्सरच्या पुढे, ग्रिलच्या आत, विजेवरचा जादा फॅन असतो. गॅरेजच्या भाषेत पुढचा फॅन किंवा एसीचा फॅन. इंडिका, स्विफ्ट यांच्यासारख्या आडव्या इंजिनाच्या गाड्यांत पट्ट्यावरचा फॅनच नसतो, सगळी भिस्त विजेच्या फॅनवर. तिथे तो बंद पडला की पाण्याचा काटाही चढतो, म्हणून घाई जास्त. तपासायची रीत मात्र दोन्हीकडे एकच.

डिझेलची एक गोष्ट इथे फसवते. जुन्या डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल, म्हणजे हवा अडवणारी झडप, नसतो. आयडलला, म्हणजे रेस न देता चालताना, ते पोटभर हवा घेतं आणि जेमतेम डिझेल जाळतं, त्यामुळे उभ्या गाडीत ते फारसं तापतच नाही. पुढचा फॅन दिवाळीपासून बंद असला तरी थंडीभर कुणाच्या लक्षात येत नाही. मार्चमध्ये एसी लावला की उघडं पडतं. याच्या उलट, पन्हाळ्याच्या चढाला एसी बंद ठेवूनही काटा वर सरकत असेल तर लांबीत इंजिन असलेल्या गाडीत दोष पुढच्या फॅनचा नाही. तिथे व्हिस्कस कपलिंग ढिलं पडलेलं असतं, नाहीतर रेडिएटर आतून चोंदलेला, नाहीतर थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय. हे दोन रोग वेगळे आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला देण्यात लोकांचे बरेच पैसे जातात.

पाणी मारून बघणे

गाडी सावलीत लावा. एसी पूर्ण, ब्लोअर पूर्ण, इंजिन आयडलवर. पाच-सात मिनिटांत हवा कोमट झाली की ग्रिलमधून कंडेन्सरवर पाणी मारा, झाकणाला भोकं पाडलेली बाटली पुरते. मिनिटभरात जाळीतली हवा गार झाली तर गॅस आणि कॉम्प्रेसर आपलं काम करताहेत, कंडेन्सरची उष्णता तेवढी बाहेर जात नाही. म्हणजे हवेचा दोष. पाणी मारूनही काही फरक पडला नाही तर फॅनच्या मागे लागण्यात अर्थ नाही, एसीवाल्याकडे गेज लावून घ्या.

आत काय घडतं तेही सांगतो. ३० ते ३५ अंशांच्या हवेत आर-१३४ए गॅसची सुस्थितीतली यंत्रणा हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढच्या जास्त दाबाच्या बाजूला, साधारण १२ ते १७ बार दाब दाखवते. उभ्या गाडीत फॅन नसेल तर हा दाब चढत जातो, २५ बार ओलांडतो, आणि ३० च्या आसपास प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडतो. दाब उतरला की पुन्हा जोडतो. कॉम्प्रेसरचा क्लच खट्ट करून सुटणं, थोड्या वेळानं खट्ट करून लागणं, प्रत्येक वेळी इंजिनाचा आवाज दबणं, हे सगळं याच चढ-उताराचं. असं महिनोन्‌महिने चाललं की होजचे जोड झिरपायला लागतात आणि कॉम्प्रेसरचं सील जातं. फॅन दुरुस्तीचा खर्च याच्यापुढे काहीच नाही.

वायरिंगला हात लावण्याआधी कंडेन्सर बघा. आपल्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालवली की पाचटाचे तुकडे आणि भुसा थेट ग्रिलमध्ये. शिरोली, गोकुळ शिरगाव या एमआयडीसीत रोज जाणाऱ्या गाडीवर फौंड्रीची बारीक काळी धूळ बसते. पुढून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, पण खरा थर असतो कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत. रेडिएटरच्या वरच्या पट्टीचे बोल्ट काढून तो थोडा मागे कलता करा आणि फटीत टॉर्च मारा. तिथे अंगावर पांघरायच्या घोंगडीसारखा थर निघाला तर फॅन नवा टाकूनही गाडी सिग्नलला कोमटच राहणार. पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढच्या दिशेला, साध्या नळीनं मारायचं. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून तिरका लावला की पत्र्याच्या नाजूक पात्या आडव्या होतात आणि होता तेवढा रस्ताही बंद होतो. वाकलेल्या पात्या जुन्या टूथब्रशनं आणि सपाट काडीनं सावकाश उभ्या करा.

आता फॅन हातानं फिरवून बघा. त्याआधी त्याचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढाच. काही गाड्यांत तो चावी काढलेली असतानाही पाण्याच्या तापमानावर स्वतःहून सुरू होतो, आणि तेव्हा पात्यात बोट असेल तर ते बोट गेलंच समजा. पातं बोटानं ढकललं की मोकळं, किंचित अडखळत फिरायला हवं. ते अडखळणं मोटरमधल्या चुंबकांचं असतं, घाबरू नका. जड, घासत, एका जागी अडत फिरत असेल तर बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) धरलाय. टोकाला धरून हलवल्यावर पातं आत-बाहेर, वर-खाली डुलत असेल तर बुश खाल्लाय.

रिलेपासून सुरुवात

बहुतेक जण फॅनपासून किंवा फ्यूजपासून सुरुवात करतात. मी रिलेपासून करायला सांगेन. रिले म्हणजे बारीक वायरीच्या हुकुमानं जाड वायरीचा करंट जोडणारा स्विच, आणि तो बरोबर मध्यावर बसलेला असतो. एका बाजूला जाड वायरची वाट: बॅटरी, फ्यूज, रिले, फॅन, अर्थ (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला परतणारी वाट). दुसऱ्या बाजूला बारीक वायरची वाट: चावीचा करंट, एसीचं बटण, प्रेशर स्विच किंवा पाण्याचा थर्मो स्विच. एका चाचणीत अर्धी गाडी संशयातून बाद होते.

रिलेच्या पोटावर आकडे छापलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीचा करंट, ८७ म्हणजे फॅनकडे जाणारी वायर, ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. पाचवी पिन ८७ए असेल तर ती आपल्या कामाची नाही. रिले उपसून काढा. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीला मध्ये ३० अँपिअरचा फ्यूज आणि दोन्ही टोकांना ६.३ मिलिमीटरचे चपटे थिंबल लावून घ्या, आणि सॉकेटमधल्या ३० व ८७ च्या जागा त्या वायरीनं जोडा. सॉकेटवर आकडे नसतील तर रिलेच्या पिनांची मांडणी उलटी धरून ताडून बघा, अंदाजानं जोडू नका.

फॅन जोरात फिरला? मग फ्यूज, जाड वायर, मोटर आणि अर्थ ही सगळी फळी ठीक आहे. दोष रिलेत किंवा हुकुमाच्या वाटेवर. फॅन फिरलाच नाही, किंवा मरगळल्यासारखा फिरला, तर दोष जाड वायरीच्या वाटेवर. अशा वेळी थर्मो स्विच बदलून काहीही होणार नाही.

जाड वायरची वाट

मल्टीमीटर इथे लोकांना फसवतो. कपलर काढून त्याच्या पिनांवर मीटर लावला, १२.४ व्होल्ट दिसले, ‘करंट येतोय, मोटर गेली’ असा निकाल, आणि नवी मोटर आणली. नवी मोटरही फिरत नाही. कारण मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही. वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो. फॅनला मात्र चालताना साधारण ८ ते १२ अँपिअर लागतात, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणून कपलरवर मीटरऐवजी हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावा. बल्ब पांढरा फटफटीत पेटला तर वायरिंग खरं आहे. पिवळा, मिणमिणता पेटला तर वाटेत कुठेतरी गळती आहे, म्हणजे व्होल्ट वाटेतच पडताहेत.

गळती शोधायला फॅन चालू ठेवूनच मोजायचं. इंजिन चालू, रिलेच्या जागी जोडवायर, फॅन फिरतोय किंवा फिरायचा प्रयत्न करतोय. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसच्या खांबावर, दुसरं कपलरच्या मागून फॅनच्या प्लसवर. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. मग बॅटरीच्या मायनसपासून फॅनच्या मायनसपर्यंत. इथे ०.२ व्होल्टच्या वर काही दिसायला नको. जास्त दिसलं तर टोक एक-एक ठाणं मागे सरकवत या: कपलर, रिलेची ८७, ३०, फ्यूजची बाहेरची बाजू, आतली बाजू. ज्या दोन ठाण्यांच्या मध्ये आकडा उडी मारतो तिथे दोष.

दोन व्होल्ट म्हणजे फार नाहीत असं वाटतं. पण १० अँपिअरला दोन व्होल्ट पडले म्हणजे २० वॅटची उष्णता एका पिनेवर जळतेय. इंडिकेटरचा मोठा बल्ब २१ वॅटचा असतो. तेवढा बल्ब कपलरच्या प्लास्टिकमध्ये कोंबून तासभर पेटवला तर काय होईल, तेच इथे होत असतं.

असा कपलर एकदा उघडून नीट बघण्यासारखा असतो. मूळचं पांढरं प्लास्टिक पिनेच्या कडेला चहासारखं तपकिरी झालेलं, आणि एका बाजूनं वितळून ओठासारखं बाहेर वळलेलं. पितळी पिन निळसर-काळी, तिचे कान ढिले पडलेले, समोरच्या पिनेला धरतच नाहीत. वायरचं वरचं आवरण पहिल्या दोन बोटांत ताठ झालेलं, वाकवलं की पापडासारखं तडकतं. आतलं तांबं लालसर नाही, काळं. अशी वायर कापून टोकाला नवा थिंबल मारू नका, काळ्या तांब्यावर तो पुन्हा तापणार. चकाकतं तांबं दिसेपर्यंत मागे कापत या, तेवढी नवी वायर जोडा, आणि दोन्ही बाजूंचा कपलर बदला. एकच बाजू बदलली तर जुनी पिन नवीलाही जाळते.

अर्थ बहुतेक वेळा ग्रिलच्या मागच्या पत्र्यावर किंवा हेडलाइटजवळ एका १० च्या बोल्टखाली असतो. आपल्या पावसाळ्यात चार महिने तिथे पाणी उडतं. बोल्ट काढा, पत्रा आणि थिंबल दोन्ही चकचकीत घासा, दातेरी वॉशर टाकून आवळा आणि आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली आणि मग बोल्ट असं केलं तर हेतूच हरवतो. पत्राच कुजला असेल तर अडीचची स्वतंत्र वायर थेट बॅटरीच्या मायनसला न्या.

फ्यूज उडाला असेल तर नवा घालून एकदा बघायला हरकत नाही, पण तोच अँपिअरचा. पट्टीच्या फ्यूजमध्ये पिवळा २० चा, हिरवा ३० चा. ३० चा उडतो म्हणून ४० चा नारिंगी घालणं किंवा तांब्याची तार गुंडाळणं म्हणजे फ्यूजचं काम वायरीवर सोपवणं, आणि वायर जळते ती एकटी जळत नाही. फ्यूज पुन्हा उडाला तर कपलर काढून बघा. कपलर काढल्यावर उडत नाही, मग मोटर जाम आहे. तरीही उडतो, मग वायर कुठेतरी पत्र्याला घासून उघडी पडलीय, बहुतेकदा रेडिएटरच्या कोपऱ्यावर.

मोटर

मोटरची शंका असेल तर कपलर काढून बॅटरीपासून फ्यूज लावलेल्या दोन वायरी थेट द्या. फिरली नाही तर मोटरच्या पाठीवर पान्याच्या दांड्यानं हलकेच टकटक करा. टकटकीनं फिरायला लागली तर कार्बन, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश, संपलेत किंवा खाचेत अडकलेत. ही मोटर आज फिरेल, आंबा घाटाच्या पायथ्याला थांबेल. तिच्यावर विसंबू नका. आणि थेट जोडून मोटर एकदा फिरली म्हणजे ठीक, असंही नाही. वीस मिनिटं चालवा. थंड असताना फिरणारी, तापल्यावर थांबणारी मोटर हा नेहमीचा नमुना आहे. क्लॅम्प मीटर डीसी अँपिअर मोजणारा असेल तर वायरीभोवती धरा. पहिल्या मिनिटाला ९ आणि विसाव्याला १५ दिसले तर बुश तापून धरतोय. साधा मल्टीमीटर मालिकेत जोडून हे मोजू नका, त्याची मर्यादा १० अँपिअर असते आणि सुरुवातीच्या झटक्यातच त्याचा फ्यूज जातो.

मोटर उघडण्यासारखी असेल, म्हणजे दोन लांब बोल्टांनी धरलेली, तर उद्यमनगरात ती दुरुस्त करून देणारे आहेत. काय करून घ्यायचं ते सांगून द्या. कार्बन निम्म्याहून झिजले असतील तर त्याच मापाचे नवे. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) काळा असेल तर बारीक काचपेपरनं घासायचा, एमरी पेपरनं नव्हे, एमरीचे कण तांब्यात रुतून बसतात आणि कार्बन खातात. पट्ट्यांमधल्या खाचा टोकदार पात्यानं साफ करायच्या. सच्छिद्र पितळी बुश असेल तर तो तेलात भिजवून घालायचा, ग्रीस भरून नव्हे. ग्रीसनं त्याची छिद्रं बुजतात आणि तो कोरडा पडतो.

परत बसवताना दोन चुका फार होतात. मोटरच्या टोपणाला पाणी निथळायचं एक बारीक भोक असतं, ते खालच्या अंगाला यायला हवं. वर आलं तर तेच पाणी आत घेतं, आणि जूनमध्ये दुरुस्त केलेली मोटर ऑगस्टमध्ये गंजून जाम होते. दुसरी चूक वायरी उलट जोडण्याची. चुंबकाच्या मोटरला प्लस-मायनस उलट दिलं की ती उलटी फिरते. पुढचा फॅन हवा ग्रिलकडून इंजिनाकडे ढकलणारा असतो. तो उलटा फिरला तर इंजिनाची गरम हवा पुढे फेकतो आणि मागच्या मुख्य फॅनशी भांडतो. फॅन फिरतोय हे सगळ्यांना दिसतं, म्हणून कुणी शंका घेत नाही. इंजिन बंद ठेवून फक्त हा फॅन चालवा आणि ग्रिलसमोर वर्तमानपत्राचं पान धरा. पान ग्रिलला चिकटलं तर दिशा बरोबर, उडालं तर वायरी बदला. पातं पालथं घातलं तर मात्र वेगळीच गंमत होते: हवेची दिशा तीच राहते, फक्त हवा कमी येते. त्यामुळे पात्याची बाजू काढतानाच खडूनं खूण करून ठेवा.

नवा फॅन घेताना पात्याचा व्यास, मोटरचे वॅट आणि ढकलणारा की ओढणारा, एवढं ताडून घ्या. कंडेन्सरच्या पात्यांतून आरपार घालायच्या प्लास्टिकच्या काड्यांवर फॅन टांगून देतात, ते अजिबात करू देऊ नका. खड्ड्यांत फॅन थरथरतो, काडी नळीला घासते आणि गॅस जातो. पट्ट्या वाकवून पत्र्याला बोल्ट करा, आणि पातं व कंडेन्सर यांत बोटभर अंतर ठेवा.

२०१९ किंवा २०२१ च्या पुरात पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल, किंवा तशी शंका असलेली जुनी गाडी घेतली असेल, तर पुढचा फॅन फिरत असला तरी एकदा काढून बघा. तो बंपरच्या मागे खाली बसलेला, त्यामुळे चाकं बुडाली की तोही बुडतो. आत राहिलेला बारीक गाळ बुशात सुपारीसारखा घट्ट बसतो.

हुकुमाची वाट

जोडवायरीनं फॅन फिरला होता, पण रिले लावल्यावर फिरत नाही. आधी रिले. ८५ आणि ८६ मध्ये ओहम मोजा, १२ व्होल्टच्या रिलेत साधारण ८० ते १०० भरतात. कॉइल ठीक असून ‘टक्’ असा आवाज येणं पुरेसं नाही. आतले संपर्क जळलेले असले तरी रिले वाजतो. त्याच बॉक्समधला तसाच दुसरा रिले, बहुतेकदा हॉर्नचा, अदलाबदल करून बघा, पिनांची आकृती सारखी असेल तरच.

रिले चांगला, तर एसी चालू ठेवून सॉकेटच्या ८६ आणि ८५ बघा. एकावर प्लस आणि एकावर अर्थ यायला हवा. जुन्या गाड्यांत बहुधा प्लस एसीच्या बटणावरून येतो आणि अर्थ स्विचमधून, पण उलटही आढळतं. जे येत नाही त्याच्या मागे जा.

गॅसच्या नळीवर किंवा ड्रायरवर (गॅसमधला ओलावा शोषणारी बाटली) बसलेल्या प्रेशर स्विचला चार वायरी असतील तर दोन कॉम्प्रेसरच्या आणि दोन फॅनच्या. गॅस २ बारच्या आसपास खाली गेला किंवा ३० च्या आसपास वर चढला की पहिली जोडी तुटते. १५ ते १७ बारला दुसरी जोडी जुळते आणि फॅन लागतो. फॅनच्या दोन वायरी क्षणभर एकमेकींना जोडा. फॅन लागला तर स्विच दोषी, किंवा दाब तिथवर चढतच नाही कारण गॅस कमी आहे. त्यामुळे गेज लावल्याशिवाय स्विच बदलू नका. कॉम्प्रेसरची जोडी मात्र जोडून ठेवू नका. तेल गॅसबरोबर फिरतं, गॅस नसताना कॉम्प्रेसर फिरला तर कोरडा फिरतो.

थर्मो स्विच रेडिएटरच्या टाकीत असतो, दोन पिना, षटकोनी अंगावर ९५-९० असे दोन आकडे. पहिल्या तापमानाला लागतो, दुसऱ्याला सुटतो. तो काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवून तपासतात, आणि इथे एक बारकावा आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचावर, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांना उकळतं. स्विचवर १०० च्या पुढचा आकडा असेल तर तो उकळत्या पाण्यातही लागणार नाही. तो खराब नाही, पाणीच तिथवर पोचत नाही. गाडीत झाकणाच्या दाबामुळे कुलंट त्याच्या खूप पुढे न उकळता जातं. आणखी एक: स्विचचं टोक कुलंटमध्ये बुडालेलं हवं. पाणी कमी असेल किंवा हवा अडकली असेल तर टोक हवेत राहतं, इंजिन तापतं आणि स्विच मात्र गप्प. थंड इंजिनात झाकण उघडून पातळी बघितल्याशिवाय स्विचवर आळ घेऊ नका.

दोन वेगांच्या फॅनमध्ये जोरात चालतो पण मंद वेगाला लागतच नाही, असं असेल तर रेझिस्टर तुटलाय. तो फॅनच्या चौकटीवर किंवा जवळच्या पत्र्यावर असतो, चालताना कढईसारखा तापतो, म्हणून त्याला प्लास्टिकच्या टेपनं बांधू नका.

कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या नव्या डिझेल गाड्यांत रिलेला हुकूम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, देतो. त्याच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावू नका, मीटरच लावा. तिथे फॅन सतत चालू राहत असेल तर पाण्याच्या सेन्सरचा कपलर आधी बघा. सेन्सर तुटला की ईसीयू खबरदारी म्हणून फॅन चालूच ठेवतो. जुन्या साध्या गाडीत सतत चालणारा फॅन म्हणजे रिलेचे संपर्क वितळून चिकटलेत, किंवा गॅस जादा भरलाय.

बटण लावायचंच असेल तर

मूळ प्रेशर स्विच मिळतच नाही अशा गाड्या आहेत, हे खरं. पण तेव्हाही डॅशबोर्डच्या बटणातून फॅनचा करंट नेऊ नका. ती बटणं काही अँपिअरची असतात, आणि विसरून चालू राहिलेला १० अँपिअरचा फॅन ६० एएचची बॅटरी सहा तासांत कोरडी करतो. डिझेल गाडी त्याच्या कितीतरी आधी स्टार्टरला नकार देते.

त्याऐवजी बॅटरीपासून ४ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ३० चा फ्यूज, तिथून रिलेची ३०. रिलेच्या ८७ पासून फॅन. ८५ अर्थला. आणि ८६ ला कॉम्प्रेसरच्या क्लचच्या प्लस वायरीचा फाटा. रिलेची कॉइल जेमतेम ०.१५ अँपिअर घेते, क्लचला ते जाणवतही नाही. कॉइलवर १एन४००७ डायोड आडवा लावा, पट्टीची बाजू ८६ कडे. कॉम्प्रेसर लागला की फॅन लागतो, सुटला की थांबतो, आणि चावी काढली की काहीच चालू राहत नाही. हे बटणापेक्षा शंभर पटीनं बरं. आडव्या इंजिनाच्या गाडीत मात्र पाण्याच्या थर्मो स्विचची मूळ वाट शाबूत ठेवूनच हे जोडा, नाहीतर एसी बंद असताना फॅन लागणारच नाही.

काम झाल्यावर दुपारी एसी पूर्ण लावून गाडी दहा मिनिटं उभी ठेवा, इंजिन दीड हजार आरपीएमवर. जाळीत थर्मामीटर खोचा. पहिल्या पाच मिनिटांत उतरलेला पारा पुढच्या पाच मिनिटांत चढायला नको. मग कपलरला आणि फ्यूजच्या डब्याला हात लावा. कोमट चालेल, चटका बसायला नको. त्यानंतर संध्याकाळच्या गर्दीत कावळा नाका ते दाभोळकर कॉर्नर एक फेरी मारा. आणि घरी आल्यावर गाडी बंद करून ग्रिलशी कान लावा. थर्मो स्विच बॅटरीवरून चालणाऱ्या गाडीत फॅन काही मिनिटं फिरून आपोआप थांबेल. अर्ध्या तासानंतरही फिरत असेल तर रिले काढून ठेवा आणि सकाळी त्याच्यापासून पुन्हा सुरुवात करा.